त्या बागेला पाणी कोण घालतं?

माझ्या नानीचं गाव साठच्या दशकात धरणात गेलं. विहीर, चार आंबे, मशिदीचा चौथरा, सगळं पाण्याखाली. बदल्यात जागा मिळाली ती मुरमाड माळावर. मी आठ-दहा वर्षांचा असेन. रमजानमध्ये एक मौलवीसाहेब इफ्तारला घरी आले होते. त्यांनी हजरत आदमचा किस्सा सांगितला. जन्नतची बाग, मनाई केलेलं झाड, सैतानाची फूस आणि मग खाली उतरण्याचा हुकूम. नानी दाराआडून ऐकत होती. तिनं विचारलं, "मौलवीसाब, मानसं तर गेली. मग त्या झाडास्नी पानी कोन घालतंय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण याच प्रश्नापायी किती विद्वानांनी शाई खर्च केली आहे, हे मला पुष्कळ उशिरा, पुस्तकं चाळताना कळलं.

बायबलमधल्या 'उत्पत्ती'च्या पुस्तकात एदेन बाग पृथ्वीवरच आहे. तिच्या नदीला चार फाटे फुटतात आणि त्यांतल्या दोन नद्या, हिद्दकेल म्हणजे टायग्रिस आणि फरात म्हणजे युफ्रेटिस, आजही इराकमधून वाहतात. आदमला तिथं ठेवलं होतं ते मशागत आणि राखण करायला. तो गेल्यावर बाग उजाड झाली असं तिथं म्हटलेलं नाही. जीवनाच्या झाडाकडे जाणाऱ्या वाटेवर करूब आणि फिरती, जळती तलवार ठेवली, एवढंच. म्हणजे बाग आहे, पण कुलूपबंद.

मग ती आहे कुठं? तालमूदमधले एक रब्बी म्हणतात, इस्राएलच्या भूमीत असेल, तर तिचं दार बेथ-शआन या गावी. मध्ययुगीन युरोपच्या नकाशांत ती थेट पूर्वेच्या टोकाला काढलेली दिसते. 1498 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याशी समुद्रात गोड्या पाण्याचा प्रचंड लोंढा पाहून कोलंबसला वाटलं, हे त्या बागेतूनच येत असणार. प्रत्यक्षात ती ओरिनोको नदी होती! मार्टिन लूथरनं मात्र शोधाशोधच निकालात काढली. नोहाच्या महापुरात बाग नष्ट झाली, असं त्याचं मत. तेही पाण्याखालीच म्हणायचं. कॅल्विनला हे पटलं नाही. त्यानं मेसोपोटेमियात तिची जागा ठरवून नकाशाही दिला.

आमच्याकडचा वाद वेगळा आहे. आदमची बाग म्हणजे मरणानंतर मिळणारी जन्नतच की दुसरी एखादी? बहुतेक सुन्नी उलेमा म्हणतात, तीच, आणि ती वर सुरक्षित आहे. त्यांच्या बाजूनं एक हदीस आहे. तीत हजरत मूसा आदमला बोल लावतात की तुम्ही आम्हाला जन्नतमधून बाहेर काढलंत. दुसरी बाजू विचारते, कायमच्या जन्नतमधून कुणाला काढलं जात नाही, तर मग आदमला कसं काढलं? आणि तिथं सैतान शिरला कसा? शिवाय 'उतरा' या शब्दावरून आभाळ सिद्ध होत नाही. कुरआनात मूसाच्या लोकांना एखाद्या शहरात जा म्हणताना हेच अरबी क्रियापद आलं आहे. चौदाव्या शतकातल्या इब्न कय्यिम यांनी दोन्ही बाजू इतक्या तपशिलानं मांडल्या आहेत की वाचताना मी कधी इकडे झुकलो, कधी तिकडे.

मला अडकवून ठेवते ती सूरह बकराची तिसावी आयत. बागेची गोष्ट सुरू होण्याआधीच अल्लाह फरिश्त्यांना सांगतो की मी पृथ्वीवर एक खलीफा नेमणार आहे. बाग नंतर, चूक नंतर, माफीही नंतर. पृथ्वी आधीच ठरलेली. नानीच्या गावकऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर ही नुसती हकालपट्टी नव्हे. नेमणुकीचा कागद अगोदरच निघाला होता. धरणग्रस्तांना असा कागद मिळाला असता तर!

परंपरा सांगते, आदम सरनदीपला, म्हणजे श्रीलंकेत उतरले. तिथल्या 2243 मीटर उंच शिखरावर पावलासारखा एक खळगा आहे. मुसलमान त्याला आदमचं पाऊल म्हणतात, बौद्ध बुद्धाचं, हिंदू शिवाचं. इब्न बतूता 1344 मध्ये ते चढून गेला होता. एकाच दगडावर इतके दावे आणि तरी यात्रेकरू एकाच वाटेनं चढतात, याचं मला अप्रूप वाटतं.

त्या संध्याकाळी मौलवीसाहेबांनी नानीला उत्तर दिलं होतं, "बाग वर आहे, बी. तिथं झाडांखालून नहरी वाहतात." नानी म्हणाली, "मंग बरं हाय. हितं तर टँकर बी येत न्हाई."

माळावरच्या घरामागं तिनं एक डाळिंब लावलं होतं. वजू करताना ती पाटावर नाही, त्या झाडाच्या आळ्यात बसायची. दिवसातून पाच वेळा.