मुलींचा फुटबॉल आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद बाईने बोलायचे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसताईंनी माझे नाव घातले. मी म्हटले, “ताई, मी सातवी शिकलेली बाई. मी फार तर कुरडयांवर बोलेन.” त्या म्हणाल्या, “कुरडया आम्हांलाही येतात. तुम्ही पोरीच्या फुटबॉलवर बोला.” तेव्हा उभी राहिले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

गोष्ट २०२२ सालच्या ऑक्टोबरातली. कोजागिरी होऊन दोनच दिवस झाले होते. सतरा वर्षांखालील मुलींची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा त्या वर्षी आपल्या देशात भरली होती. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई अशा तीन ठिकाणी सोळा देशांच्या मुली खेळायला आल्या होत्या. आपण यजमान, म्हणून आपल्या मुलींना त्या स्पर्धेत प्रथमच उतरायला मिळाले. पुण्याची एक मुलगीही संघात होती, काजोल डिसूझा. ११ तारखेला रात्री आठ वाजता भुवनेश्वरला अमेरिकेशी पहिला सामना. माझी मुलगी टीव्हीसमोरून हलेना. मी आत पोळ्या करीत होते, एक पोळी लाटून तव्यावर टाकावी, की बाहेरून तिचे “अरे देवा!” ऐकू यावे. आठ गोल झाले. १४ तारखेला मोरोक्कोशी गाठ. मध्यंतरापर्यंत बरोबरी होती, मग तीन गोल बसले. १७ तारखेला ब्राझीलने पाच केले. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले आणि आपला एकही झाला नाही.

दिवाळी आठवड्यावर होती. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघीजणी चकल्या करायला बसलो होतो, आणि मी सरळ बोलून गेले, “कायले पाठवलं या पोरींले? देशाचं नाव घालवलं नुसतं!” मुलगी कोपऱ्यात अभ्यास करीत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, त्यायले जायले तरी भेटलं.”

बाकीच्या तिघींना त्यात काही वाटले नाही. मला मात्र चकली घालता येईना. कारण काय, ते आज सर्वांसमोर सांगते.

त्याच साली, दोन महिने आधी, तिच्या शाळेचे खेळाचे सर आमच्या घरी आले होते. चौदा वर्षांखालील मुलींच्या जिल्ह्याच्या संघात तिचे नाव आले होते. विभागाचे सामने अमरावतीला होते. आपल्या अकोल्यापासून अमरावती ती किती लांब! शिवाय माझा भाऊ तिथेच राहतो, म्हणजे उतरायचीही सोय होती. तरी मी नाही म्हटले. ऊन लागेल, काळी पडेल, आखूड कपडे, सासूबाई काय म्हणतील, अशी कारणे मी एकामागून एक पुढे केली. खरे म्हणजे सासूबाई काही म्हणाल्याच नव्हत्या. शेवटी म्हटले, “पुढच्या वर्षी पाहू.”

पुढच्या वर्षी तिला चौदा पूर्ण झाली होती. तो दरवाजा बंद झाला. खेळात वय मोजतात हे मला ठाऊकच नव्हते, बायांनो. आपल्या स्वयंपाकात आजचे उद्यावर ढकलता येते. भिजवलेली डाळ उद्या वाटली तरी चालते. मुलीच्या वयाचे तसे नाही.

नंतर मी मुलीला विचारून विचारून या स्पर्धेविषयी समजून घेतले, तेव्हा कळले की हेच दुःख आणखी पुष्कळ मुलींच्या वाट्याला आले होते. ही स्पर्धा मुळात २०२० साली आपल्याकडे व्हायची होती. करोना आला, तारीख पुढे गेली, मग ती स्पर्धा रद्दच झाली. २०२२ सालचे यजमानपद आपल्याला पुन्हा मिळाले, पण २००५ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच त्यात खेळू शकत होत्या. आधीच्या तुकडीतल्या मुली वयाने बाहेर पडल्या. आणि या दुसऱ्या तुकडीचेही काय झाले पाहा. त्या सराव करीत होत्या आणि ऐन ऑगस्टात फुटबॉल महासंघाच्या कारभाराच्या वादापायी जागतिक संघटनेने आपल्या देशावर बंदी घातली. ती अकरा दिवसांनी उठली म्हणून बरे. भांडण मोठ्यांचे, आणि जीव टांगणीला लागला मुलींचा!

त्या संघाची कर्णधार होती अस्तम ओरांव, झारखंडातल्या गुमला जिल्ह्यातली. ती कर्णधार झाल्यावर सरकारने तिच्या घराकडे जाणारा रस्ता करायला घेतला, आणि त्या रस्त्याच्या कामावर मजुरीला तिचेच आईबाप होते. मुलीचा सामना पाहता यावा म्हणून त्यांच्या घरी टीव्हीही तेव्हाच आला. हे ऐकले आणि मला आपला अमरावती-अकोला रस्ता आठवला. त्याच साली जूनमध्ये या रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला आणि जगात विक्रम झाला. आपण सगळ्यांनी तो अभिमानाने एकमेकींना सांगितला. पण माझी शाळा सातवीत का सुटली? भातकुली तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा दुसऱ्या गावी, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत घोट्याच्या वर पाय रुतत. वडील म्हणाले, “रस्ता झाला की पाहू.” रस्ता झाला तेव्हा माझ्या कडेवर मूल होते.

आता त्या सोळा गोलांविषयी. ज्या ब्राझीलने आपल्याला पाच गोलांनी हरवले, त्या ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानेच मनाई होती. इंग्लंड तर या खेळाचे माहेरघर. तिथेही संघटनेने १९२१ साली आपली मैदाने बायकांना बंद केली, ती जवळजवळ पन्नास वर्षे. अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेने मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. तेव्हापासून तिथल्या शाळांत मुलींचे खेळ वाढले. म्हणजे आडकाठी सगळीकडेच होती. कुठे ती लवकर निघाली, कुठे उशिरा. आपल्याकडे कायद्याची मनाई कधीच नव्हती. १९८० आणि १९८३ साली आपल्या बायका आशियात दुसऱ्या आल्या होत्या! आपल्याकडे मनाई होती ती माझ्यासारखीच्या उंबरठ्यावर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले, हे मी लहानपणापासून अभिमानाने सांगत आले आहे. आणि माझीच मुलगी अमरावतीला निघाली, तर मी दारात आडवी उभी!

२०२५ च्या ऑक्टोबरात याच वयाच्या आपल्या मुली किर्गिझस्तानात बिश्केक इथे उझबेकिस्तानशी खेळल्या. मध्यंतराला एका गोलाने मागे होत्या. मग थंडामणी बास्के आणि अनुष्का कुमारी यांनी एकेक गोल केला आणि आपण २-१ जिंकलो. पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, अशी ही पहिलीच वेळ. त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला.

माझी मुलगी पुढे सतरा वर्षांखालील गटात खेळली. या वेळी मी स्वतः तिच्याबरोबर अमरावतीला गेले. तिच्या संघाने चार गोल खाल्ले. तिच्या पायाचे नख निघाले होते, मी हळद भरली, आणि सगळ्या मुलींनी मिळून माझा पोळी-झुणक्याचा डबा संपवला. ती काही देशाच्या संघात जाणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण आता ती आपल्या मंडळामागच्या मैदानावर वस्तीतल्या अकरा मुलींना संध्याकाळी शिकवते.

आता माझी मंडळाला एक विनंती आहे. त्या मैदानावर मुलींना कपडे बदलायला आडोसा नाही. दोघी ओढणी धरतात, तिसरी आत उभी राहते. मोरी नाही, संडास नाही. चार दिवसांची अडचण असली की मुलगी येतच नाही. आपल्या मंडळाची मागची खोली मैदानाला लागून आहे, मोरी-संडास तिथे आहे. मागच्या बैठकीत मी हे काढले होते, तेव्हा खोलीत पापडाचे यंत्र आणि सतरंज्या आहेत, मुली नासधूस करतील, असे ठरून विषय संपला. मी रागावले नाही. तीन वर्षांपूर्वी मीही तेच म्हटले असते.

यंत्रावर मी माझी जुनी चादर घालीन. संध्याकाळी पाच ते सात किल्ली माझ्याकडे द्यावी. सात वाजता झाडून, कुलूप लावून ती चिटणीसताईंच्या घरी पोचती करीन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खोली लागेल, त्या दिवशी मुलींना मी माझ्या घरी नेईन. आज सगळ्याजणी जमलेल्या आहेत, तर चहाच्या आधीच हात वर करून काय ते सांगावे.