राग आणि लगाम



व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंक्तीला 'राग' येऊन बसला, याचे कोणाला नवल वाटेल. पण शिवाजीमहाराजांच्या स्वाऱ्यांशी आपला संबंध वर्षातून चार वेळा येतो. रागाशी मात्र दिवसातून चार वेळा येतो. 'अति राग, भीक माग' असे आपले वाडवडील म्हणत आले, ते काही उगाच नव्हे. एका क्षणाच्या संतापाने तुटलेली भाऊबंदकी, कोर्टात गेलेला बांध आणि माहेरी निघून गेलेली सून आपण सर्वांनीच पाहिली आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. राग हा मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तेथे मरगळलेला घोडा कोणी घेत नाही. गिऱ्हाईक तेज पाहते. मात्र ते जनावर लगाम मानते की नाही, हेही पाहते. माणसाच्या रागाची परीक्षा अशीच करावी.

लगामी रागाचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. आपला शहादे तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. १९७२ साली येथे श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आदिवासी शेतमजुरांना आपल्या हक्कांची जाणीव करून दिली होती. त्या चळवळीतल्या स्त्रिया पुढे झाल्या आणि गावोगाव दारूची मडकी फोडू लागल्या. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत जाब विचारू लागल्या. त्यांचा राग वर्षानुवर्षांचा होता; पण तो पोरांच्या पाठीवर निघाला नाही, दुखण्याच्या मुळावर गेला. महाडला मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. उलट हल्ला करण्याची ताकद त्यांच्यात होती, तरी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरले. तो राग विझला नाही. त्याने कायद्याचा आणि संघटनेचा मार्ग धरला.

आता आपल्या घरातला राग पाहू. पपईचा भाव व्यापाऱ्याने पाडला, कारखान्याचे बिल लांबले, वरून कोणी बोलले, की आपण मान खाली घालून ऐकतो. मग घरी येतो, आणि भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावतो. यालाच वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात. "काय करू, राग आवरतच नाही," असे तो गृहस्थ मागाहून सांगतो. पण व्यापाऱ्यापुढे तो कसा आवरला? साहेबापुढे कसा आवरला? तेथे आवरतो आणि बायकोपुढे, लेकरापुढे आवरत नाही, याचा अर्थ लगाम हातात आहे. समोरचे माणूस दुबळे दिसले की आपण तो सैल सोडतो. हे ऐकायला कडू आहे, पण यातच आशाही आहे. जे एका ठिकाणी साधते, ते दुसऱ्या ठिकाणी शिकता येते.

ते कसे शिकावे? राग चढतो तेव्हा छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हातापायांत जोर येतो. शरीर जणू लढाईला सज्ज होते. ही लाट ओसरायला पंधरा-वीस मिनिटे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात घेतलेला निर्णय आणि काढलेला शब्द आपला नव्हे, त्या लाटेचा असतो. म्हणून पहिला उपाय अगदी साधा: तेथून बाजूला व्हावे. मात्र दार आपटून जाऊ नये. "मी अर्ध्या तासाने येतो, मग बोलू" असे सांगून जावे, आणि खरोखर परत यावे. मधल्या वेळात श्वास सावकाश घ्यावा, आणि त्याहून सावकाश सोडावा.

काहीतरी आपटले, आरडाओरडा केला, की राग 'निघून जातो' अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. २०२४ साली दीडशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की शरीर शांत करणाऱ्या उपायांनी राग कमी होतो; आदळआपटीने होत नाही. रागाने हात चालवणे म्हणजे हाताला तीच सवय लावणे.

दुसरा उपाय विचारांचा. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचे सार आपल्या भाषेत एका अक्षरात सांगता येते: ते अक्षर म्हणजे 'च'. "मुलाने माझे ऐकावे" ही इच्छा झाली. "मुलाने माझे ऐकलेच पाहिजे" हा हुकूम झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते. हुकूम मोडला तर डोक्यात आग जाते. घटना तीच, फरक 'च'चा. लाट ओसरल्यावर आपल्या मनातला हा 'च' शोधून काढावा. रोज एक जरी सापडला तरी पुष्कळ झाले.

परंतु स्वतःच्या प्रयत्नाला मर्यादा असते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंपरा सांगते, की लोकांच्या वागण्याने ज्ञानेश्वर एकदा रुष्ट झाले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेरून त्यांची समजूत घातली; तेच ताटीचे अभंग. ज्ञानोबांनाही दाराबाहेरून हाक मारणारे कोणी लागले. मग आपण संसारी माणसांनी मदत मागायला का लाजावे?

ही हाक केव्हा ऐकावी? हात उगारला गेला, वस्तू फुटू लागल्या. आपली चाहूल लागताच मुले गप्प होऊ लागली. दारूबरोबर राग वाढू लागला. नंतर पश्चात्ताप होतो, पण पुन्हा तेच घडते. तर थांबू नये. शांत स्वभावाचे माणूस एकाएकी चिडचिडे झाले, तर त्याला दूषण देण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, मधुमेहात साखर उतरणे, डोक्याला लागलेला मार, झोप नसणे, म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश, आणि विशेषतः पुरुषांमध्ये नैराश्य हे सारे रागाच्या रूपाने दिसू शकते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

मदत कोठे मिळेल? ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांपाशी मन मोकळे करावे. ते पुढे नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवतील. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनीसेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, अहोरात्र, विनामूल्य. भगताकडे जाणाऱ्याला मी हसत नाही. त्याला मनाचा आधार हवा असतो. एवढेच सांगतो, की त्याबरोबर डॉक्टरांकडेही जावे. 'वेड्यांचा डॉक्टर' हा शब्द मात्र आता आपण टाकून द्यावा.

शेवटी, ज्यांना दुसऱ्याच्या रागाचा मार सोसावा लागतो, त्या भगिनींना दोन शब्द. नवऱ्याचा राग बरा करणे हे तुमच्या एकटीचे काम नाही, आणि "त्यांचा स्वभावच तसा" म्हणून मार खाणे हा धर्म नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तुमच्या पाठीशी आहे. १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे, आणि तातडीच्या वेळी ११२ आहे. प्रथम स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्यावे. समजुतीच्या गोष्टी मागाहून.

चैत्र-वैशाखाच्या उन्हात आपण इतका वेळ शांतपणे बसून ऐकले. रागावरच्या व्याख्यानाला याहून योग्य असा श्रोता कोणता?