मधल्या सुट्टीतला डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, तेही पाटण तालुक्यातल्या एका लहानशा गावी. गेल्या महिन्यात चिटणीसबाई मला म्हणाल्या, "मुलांना शाळेत पौष्टिक डबा कसा द्यावा, यावर तुम्ही चार शब्द बोला." मी लगेच हो म्हटले, कारण डबा भरावा तो आपणच, असे मला वर्षानुवर्षे वाटत आले होते. घरी जाऊन विचार करू लागले तेव्हा ध्यानात आले, की माझ्याजवळ सांगण्यासारख्या पाककृती थोड्याच आहेत. जी चूक माझ्या हातून झाली तीच सांगावी हे बरे.

आम्ही भटवाडीत राहतो हे आपणांस ठाऊकच आहे. माझी थोरली मुलगी सहावीत आहे, धाकटा दुसरीत. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरविले. त्यामुळे धाकटा आता घरीच गरम खाऊन शाळेला जातो. थोरलीची शाळा मात्र सात वाजून दहा मिनिटांनी भरते. चढावरून खाली उतरावयाचे, मोठा रस्ता ओलांडावयाचा, म्हणजे साडेसहाला घर सोडलेच पाहिजे. इतक्या सकाळी पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही. अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटे, एवढ्यावर ती निघते. मग दहा वाजताच्या मधल्या सुट्टीत ती जे खाईल तेच तिचे त्या दिवसाचे पहिले अन्न.

मी पहाटे पाचला उठून नाचणीची भाकरी थापीत असे. आमच्या पाटणकडे नाचणी घरचीच. वजनास वजन धरले तर नाचणीत गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम असते, हे मी आरोग्यसेविकेकडून ऐकले होते, आणि ते ऐकून मला फारच धन्य वाटले होते. भाकरी, तिच्याबरोबर मेथी किंवा मटकीची उसळ, कधी शेंगदाण्याची चटणी. डबा रोज दुपारी रिकामा येई. अगदी पुसल्यासारखा स्वच्छ. तो मी शेजारणींना दाखवीत असे आणि म्हणत असे, "बघा, आमची पोर खाऊ गल्लीकडे ढुंकूनही बघत नाही."

तिच्या शाळेत सरकारी खिचडी मिळते. शाळा अनुदानित आहे, तेव्हा आठवीपर्यंतच्या सर्व मुलांना ती मिळते. मी मात्र मुलीला पहिलीतच बजावून ठेवले होते, "आपल्या घरी अन्न आहे. आपण त्या रांगेत उभे राहायचे नाही." खरे सांगावयाचे तर तो माझा ताठा होता. माझा स्वतःचा भाऊ शाळेच्या तांदळावर वाढलेला. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारची योजना सुरू झाली, तेव्हा पाचवीपर्यंतच्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी देत. मी सातवी झाले होते, म्हणून मला नाही, धाकट्याला मिळे. ते तांदूळ आमच्या आईने किती जपून पुरविले ते मी पाहिले आहे. पण घाटकोपरला संसार थाटला आणि मी ते सारे विसरले.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुलगी चक्कर येऊन पडली. बाईंचा फोन आला, मी धावत गेले. दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.६. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "डब्यात काय नेते?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. आणि डबा रोज रिकामा येतो हो!" मुलीने मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही बोलल्या नाहीत.

घरी येताना आमच्या चढाच्या पायऱ्यांवर ती दम लागून बसली, तेव्हा तिने सांगितले. वर्गातल्या मुली तिच्या डब्याला "काळी भाकरी" म्हणून हसत. पहाटे केलेली भाकरी दहा वाजेपर्यंत कडक होई, चावून चावून घास संपत नसे, आणि तोवर घंटा होई. म्हणून ती भाकरी कागदात गुंडाळून जिन्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकी. मग डबा रुमालाने पुसून ठेवी. मला कळू नये म्हणून.

मी म्हटले, "अगं, मग खिचडी का नाही खाल्लीस?"

ती म्हणाली, "तूच नको म्हणाली होतीस."

भगिनींनो, त्यावर मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. सासूबाईंना कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमी शिळी भाकर खाऊनच वाढलो की." खरे आहे, पण त्या शेतात बसून, सगळ्यांबरोबर खात. तेथे हसणारे कोणी नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढून मधली सुट्टी पाहावयास गेले. आपण सर्वांनी एकदा तरी हे करावे. सुट्टी वीस मिनिटांची. घंटा झाली, मुले जिन्यावरून उतरली, हात धुवायला नळावर रांग लागली. मुली डबा उघडून बसल्या तेव्हा आठ मिनिटे गेली होती. उरलेल्या बारांत बोलणे, खेळणे आणि पाणी पिणेही आलेच. एका लहान मुलाला डब्याचे झाकण उघडेना. घट्ट, न सांडणारा, महागाचा डबा होता. शेवटी शिपाईमामांनी तो उघडून दिला तेव्हा निम्मी सुट्टी संपली होती. त्या आईला घरी वाटत असेल, पोराला आपल्या हातची भाजी आवडत नाही.

आणि खिचडीची पंगत पाहिली. बचत गटाच्या बाया वाढीत होत्या. कोणी कोणाच्या ताटाकडे पाहून हसत नव्हते, कारण सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ. मऊ, गरम, दहा मिनिटांत संपणारा. मद्रासेकडे कामराजांनी १९५६ साली शाळेत जेवण घालावयास सुरुवात केली, आणि आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी कोरडे धान्य नको, शिजविलेले अन्न द्या असा आदेश दिला. त्यामागचे शहाणपण मला त्या दिवशी समजले. त्याचे मापही मी विचारून घेतले. पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. घरी तागडीवर मोजून पाहिले, तर माझ्या डब्यात भाकरी पुष्कळ आणि डाळ-उसळ चमचाभर निघाली. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असेही सरकारने ठरविले होते. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा पैसा बंद केला. हे काही मला पटलेले नाही, पण तो विषय आज नको.

आता मुलगी खिचडी खाते. रांगेत उभी राहते आणि खाते. डबा मी अजूनही देते, पण लहान, तिच्या हाताने उघडेल असा. भाकरी बंद केली. नाचणीचे पीठ, थोडे बेसन, ताक आणि किसलेले गाजर घालून मऊ धिरडे करते आणि त्याची गुंडाळी कापून देते, म्हणजे दोन घासांत एक तुकडा जातो. मेथी पिठातच मळते. मटकीला मोड आणून तिच्यावर लिंबू पिळते, कारण लिंबू, पेरू, आवळा यांच्यामुळे अन्नातले लोह अंगी लागते, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट होते, तेही त्यांनीच सांगितले. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ती उपाशी पोटी मळमळते म्हणून आमची पोर दप्तरात लपवीत असे, सहा गोळ्या सापडल्या! आता खिचडीनंतर घेते. शिवाय दवाखान्याचे औषध चालू होते. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ झाले. त्यात औषधाचा वाटा मोठा, माझ्या धिरड्याचा किती ते मी सांगू शकत नाही.

हसण्याचे काय करावे हे मात्र अवघड होते. आमच्या चाळीतल्या चौघीजणींनी मिळून एक केले. बुधवारी चौघींच्या मुली नाचणीचाच डबा नेतात. चार डबे एकसारखे उघडले की हसणाऱ्याला जोर राहत नाही. एक मुलगी तर चव घेऊन आईला विचारून गेली. तरीही माझी पोर कडक भाकरी घरीच खाते, शाळेत नेत नाही. आणि मी आग्रह करीत नाही.

आणखी एक गोष्ट. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझेही रक्त तपासले. माझे ९ निघाले. मुलांना वाढून, यांना वाढून, उरलेल्या भाताला चहाची जोड, हे माझे सकाळचे जेवण होते. २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या दर शंभर बायकांपैकी चोपन्न जणींचे रक्त कमी आढळले. म्हणजे आज या सभागृहात माझ्यासारख्या निम्म्याहून अधिक बसल्या असतील. मंडळाने एकदा तपासणी ठेवावी, अशी माझी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. मुलांची नव्हे, आपली.

बुधवारच्या डब्यात आणखी कोणाला यावयाचे असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटावे, पिठाचे माप सांगते. चिटणीसबाई खूण करीत आहेत की चहा तयार आहे. आपण आत्ता जेवलेलो नाही, तेव्हा तो घ्यायला हरकत नाही.