बॅग हरवली, कागद हरवू नये



पूर्वी काशीयात्रेहून माणूस सुखरूप परतला म्हणजे घरी मावंदे घालीत. प्रवासाचा भरवसाच तसा नव्हता. आता लेकरे परदेशी असली, तर शाळामास्तरही म्हातारपणी विमानात बसतो. मीही बसलो. नातीचे बारसे करून आम्ही दोघे मुंबईला परत उतरलो. एक बॅग आली, दुसरी आलीच नाही. तिच्यात आमच्या मंडळींचा लग्नातला शालू होता.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, बॅग मागच्या विमानाने येईल. निश्चिंत घरी जा." गावची गाडी गाठायची होती. म्हटलं, विमा उतरवलेला आहे, काळजी कसली? निघालो. बॅग काही आली नाही. विमा कंपनीने विचारले, विमान कंपनीचा लेखी अहवाल कुठे आहे? बॅगेच्या पट्टीची चिठ्ठी कुठे आहे? आमच्याकडे दोन्ही नव्हते. दावा नामंजूर झाला. शालू गेला तो गेलाच.

मंडळी, माझी चूक तुम्ही करू नका. बॅग आली नाही किंवा फुटकी-तुटकी आली, तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच विमान कंपनीकडून अहवाल लिहून घ्यावा. त्याला तिथे 'पी. आय. आर.' म्हणतात. त्याचा क्रमांक घ्यावा, प्रत मागावी. तिकीट, बोर्डिंग पास आणि बॅगेची चिठ्ठी दाव्याचा निकाल लागेपर्यंत जपावी.

पुढे मुदती आहेत. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू पडतो; भारत त्यात २००९ साली सामील झाला. त्याप्रमाणे सामान मोडले असेल तर ते हाती आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. उशिरा मिळाले तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवस उलटूनही बॅग आली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते.

ही झाली विमान कंपनीची बाब. विमा कंपनीला वेगळे कळवायचे, आणि तेही ताबडतोब. पॉलिसी निघण्यापूर्वीच वाचा. बहुतेक पॉलिसींत विमान कंपनीच्या ताब्यात दिलेलेच सामान धरतात. रोकड आणि दागिने धरीत नाहीत. म्हणून दागिने बॅगेत टाकूच नयेत. सामान भरताना यादी करावी, उघड्या बॅगेचा फोटो काढावा, किमती वस्तूंची बिले ठेवावीत.

रेल्वेची गोष्ट निराळी. ऑनलाइन तिकिटाबरोबर जो विमा मिळतो, तो अपघाती मृत्यू, अपंगत्व, दवाखाना यांसाठी आहे. हरवलेल्या पिशवीसाठी नाही. आपल्याजवळचे सामान आपणच सांभाळायचे. चोरी झालीच तर मध्येच उतरायची गरज नाही. तिकीट तपासनीसाकडून किंवा रेल्वे पोलिसांकडून फॉर्म घेऊन गाडीतच तक्रार लिहून द्यावी.

आणि सगळे कागद असूनही विमा कंपनीने नाही म्हटले तर? आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईला आणि पुण्याला आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.

गुरुजनांना एक विनंती. गावातून कोणी परदेशी निघाले, तर पॉलिसी घेऊन ते तुमच्याकडेच वाचायला येतील. तेव्हा त्यांना एवढे बजावून सांगा: काउंटरवरचा माणूस गोड बोलेल, पण पांढऱ्यावर काळे झाल्याशिवाय विमानतळ सोडायचा नाही. मला कोणी हे सांगितले असते, तर शालू नाही, निदान त्याची भरपाई तरी हाती आली असती.