तीन पिकअप, सात आवाज
१९५४ साली फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर ही विद्युत् गिटार तीन पिकअप घेऊन अवतरली. चुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार तो पिकअप. वाजत्या तारेचे कंपन तेथे विजेचे रूप घेते. तिघांच्या जुळण्या सात. पण खटका तीनच घरांत थांबे व एका वेळी एकच पिकअप बोले. वादकांनी तो दोन घरांच्या मधोमध अडकविला, आणि दोहोंचा मिळून पोकळ, किंचित अनुनासिक स्वर उमटला! पाच घरांचा खटका देण्यास कारखान्यास १९७७ साल उजाडावे लागले. उरल्या दोन जुळण्यांसाठी मानेकडील पिकअप केव्हाही जोडणारा लहानसा खटका व थोडे डाखकाम पुरते. वाद्यास भोक पाडणे ज्यांच्या जिवावर येते, त्यांनी तो गुंडीखाली बसवावा; गुंडी ओढताच घोडीजवळचा तीक्ष्ण व मानेकडील भरदार आवाज एकत्र बोलतात.