पुरुषांनी तोंड उघडून दाखवावे
(दुधनी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुरुषांच्या कर्करोग तपासणीवर बोलणार आहे. आरोग्य शिबिराला रांग असते ती बायकांची आणि म्हाताऱ्यांची. कमावता पुरुष बाहेर बसून असतो. "मला काय झालंय?" हे त्याचे उत्तर ठरलेले.

आपल्या भागातील बायकांनी काय करून दाखविले ते आधी ऐका. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. पुढे १९९९ पासून या रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साथीने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी हाती घेतली. अभ्यासात सुमारे १ लाख ३१ हजार महिला होत्या. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, तीही एकदाच. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा या गटातील मृत्यू, तपासणीविना राहिलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. शेतात राबणाऱ्या बायका संकोच बाजूला ठेवून आल्या. पुरुषाला तर फक्त तोंड उघडायचे आहे!

तोंडच का? भारतातील पुरुषांच्या कर्करोगात तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे, आणि त्याचे मुख्य कारण आपल्या खिशात असते. तंबाखू-चुना, मावा, विडी. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली आणि कर्नाटकाने २०१३ साली बंदी घातली; सीमेवरच्या आपल्या गावाला पुडीची गोष्ट मी निराळी सांगायला नको. शरद पवारांवर याच रोगासाठी २००४ साली शस्त्रक्रिया झाली. आर. आर. पाटील २०१५ साली ५७ व्या वर्षी याच रोगाने गेले. मार्केट यार्डातल्या हमालाला रोगाचा नियम वेगळा नाही.

हा रोग बहुधा एकदम येत नाही. बार जिथे धरला जातो तिथे, गालाच्या आत किंवा हिरडीपाशी, आधी पांढरा वा लाल चट्टा उठतो. कधी तोंड उघडणे कमी होते. आपली तीन बोटे उभी धरून आत जात नसतील तर दाखवावे. गंमत अशी की चट्टा दुखत नाही, म्हणून माणूस दुखण्याची वाट पाहतो. दुखू लागेपर्यंत पुष्कळदा गाठ मानेत उतरलेली असते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली दिसून आले. यंत्र नाही, सुई नाही. चांगला उजेड आणि पाहणारा डोळा.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर ही तपासणी आहे, ती मोफत आहे. आशाताई फॉर्म भरायला येतात तेव्हा "तंबाखू खात नाही" असे खोटे सांगू नका. त्या काही तुमच्या सासुरवाडीच्या नाहीत! खाणाऱ्याने घरीही महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखाली पाहावे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांकडेच जावे.

प्रोस्टेटविषयी थोडेसे. लघवीला अडथळा किंवा रक्त दिसले तर "वयामुळे असेल" म्हणून बसू नये. पण लक्षण नसताना रक्ताच्या महागड्या 'पॅकेज' तपासण्यांवर मजुरी उडवावी, असे माझे मत नाही.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. वडिलांना, काकांना तपासणीला घेऊन जा. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढायला सांगितला की घरात कोणीतरी म्हणेलच, "सुरी लागली की रोग पसरतो." तसे होत नाही. तुकडा तपासल्यावाचून रोग आहे की नाही हे नक्की ठरत नाही. रोग निघालाच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.