जुन्या सीडीचे कुलूप



कपाट आवरताना कधी तरी असे होते. जुन्या वह्या, बंद पडलेले घड्याळ, लग्नपत्रिका यांच्या खाली प्लॅस्टिकच्या डबीतली एक सीडी हाती लागते. संगणकावरचा खेळ असतो. वीस वर्षांपूर्वी थोरला दहावीला चांगला पास झाला, म्हणून तुम्ही तो पुण्याहून आणलेला; पूर्ण किंमत मोजून, पावती घेऊन. आता थोरल्याचा मुलगा खेळण्याच्या वयाचा झाला. तुम्ही म्हणता, चला, बापाचा खेळ पोराला दाखवू.

नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. ती तक्रार बाजूला ठेवून तुम्ही शाळेतल्या गुरुजींकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणता. सीडी घरघरते, खेळ यंत्रात उतरतो, पडद्यावर त्याचे चित्रही उमटते. त्यावर टिचकी मारली की क्षणभर गोल फिरते आणि मग सारे शांत. नाही तर पाटी येते : मूळ सीडी घाला. अहो, मूळच तर घातली आहे!

पोरगा म्हणतो, "आजोबा, सीडी खराब झालीय." तुम्ही ती रुमालाने पुसून पुन्हा घालता, आणि पुन्हा तेच.

सीडी खराब नसेलही. तिच्यावर जे कुलूप घातलेले आहे, ते जुने झालेले असू शकते. आज त्या कुलपाविषयी बोलायचे आहे.

एक गोष्ट आधी वेगळी काढू. १९९०च्या दशकातल्या कित्येक खेळांची उतरवणी करणारा छोटा प्रोग्रॅम, ज्याला 'सेटअप' म्हणतात, तो १६ बिटी होता. आजचे ६४ बिटी विंडोज तो चालवीतच नाही. तेव्हा सेटअपच सुरू होत नसेल, तर दोष कुलपाचा नसून पिढीच्या अंतराचा असण्याचा संभव आहे. शाळेच्या कपाटातल्या जुन्या शैक्षणिक सीडींनाही हे दुखणे असू शकते. शिक्षकबंधूंनी तेवढे ध्यानात ठेवावे. पण खेळ नीट उतरला आणि सुरू मात्र होईना, तर संशय कुलपावर घ्यायचा.

हे कुलूप आले कशासाठी? सीडीची नक्कल करणारी यंत्रे स्वस्त झाली. एकाने सीडी विकत घ्यायची आणि दहा जणांनी नक्कल करून घ्यायची, असे होऊ लागले. तेव्हा मॅक्रोव्हिजन नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९८ साली 'सेफडिस्क' नावाची युक्ती काढली. आपण गुरांना डाग देतो ना, तशीच ती आहे. कारखान्यात सीडी तयार होतानाच तिच्या काही भागात मुद्दाम न वाचता येणाऱ्या चुका घालायच्या. खेळ सुरू करताना दारावरचा पहारेकरी प्रोग्रॅम तीच जागा वाचायला जातो. तिथे अडखळला, तर सीडी अस्सल. सुरळीत वाचता आली, तर नक्कल, कारण साधे नक्कलयंत्र तो डाग जसाच्या तसा उतरवू शकत नाही. डाग पटला म्हणजेच पहारेकरी खेळाचे गुप्त लिपीत बांधून ठेवलेले गाठोडे सोडतो.

असली कुलपे त्याच्या आधीही होती आणि काही तर हसू यावे अशी होती. १९८४ साली निघालेल्या 'एलिट' या खेळाच्या स्पेक्ट्रम संगणकावरील आवृत्तीबरोबर प्लॅस्टिकचे एक भिंग मिळे. ते टीव्हीच्या काचेला लावून पाहिले की विस्कटलेली अक्षरे जुळत आणि ती टंकली की खेळ उघडे. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला, तर अक्षरे काही जुळत नसत. शिवाय काही डब्यांत भिंगच भलते पडले होते! पैसे मोजून आणलेला खेळ समोर, आणि गिऱ्हाईक एक डोळा मिटून काचेला नाक लावून बसलेले.

पण भिंग निदान संगणकाच्या बाहेर होते. सेफडिस्कचा पहारेकरी आत, थेट विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसला. समजा, तुम्ही एका कोठीसाठी राखणदार ठेवलात आणि त्याच्या हाती साऱ्या वाड्याच्या किल्ल्या दिल्यात. तो प्रामाणिक असेलही. पण त्याला कोणी फसवले, तर सारा वाडाच उघडा पडणार. झालेही तसेच. २००७ साली या पहारेकऱ्यात एक भोक सापडले. त्यातून एखादा साधा प्रोग्रॅमही संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या डिसेंबरात ते बुजवले. पुढे जुलै २०१५मध्ये विंडोज १० आले, त्यात या पहारेकऱ्याला जागाच दिली नाही. त्याच सप्टेंबरात एका दुरुस्तीने व्हिस्टा, विंडोज ७ आणि ८ यांमध्येही त्याला रजा देण्यात आली. 'द सिम्स', 'बॅटलफील्ड १९४२', 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' अशा खेळांच्या मूळ सीडी नव्या यंत्रांवर मुक्या झाल्या.

पहारेकऱ्याला काढले ते योग्यच केले, असे मला वाटते. घराच्या सुरक्षिततेपुढे खेळ मोठा नाही. माझा राग आहे तो कुलूप घालणाऱ्यांवर. विकताना त्यांनी गिऱ्हाइकाला एवढे तरी सांगायचे होते की, बाबा रे, हा माल आमचे कुलूप चालेल तोवरच तुझा.

आणि यातली खरी बोचणी पुढेच आहे. आपल्याकडे सायबर कॅफेतून 'व्हाइस सिटी' पोरांनी किती खेळला! त्यातल्या कितीकांनी मूळ सीडी डोळ्यांनीही पाहिली नसेल. त्या चोरट्या प्रतींतला पहारेकरी कोणी तरी आधीच उपटून टाकलेला असे. म्हणून त्या प्रतींना २०१५ सालच्या या बदलाची झळ लागली नाही. पावती जपून ठेवणारा मात्र दाराबाहेर राहिला. खुद्द कंपन्यांनाही याची लाज वाटावी असा प्रकार २००८ साली घडला. 'रेनबो सिक्स : व्हेगास २' हा खेळ काहींनी सीडीविना, इंटरनेटवरून विकत घेतला होता. एका दुरुस्तीनंतर तो त्यांच्याकडेच नसलेली सीडी मागू लागला. त्यावर युबिसॉफ्ट कंपनीने उपाय म्हणून जी फाइल दिली, ती कुलूपफोड्यांच्याच एका टोळीने बनवलेली निघाली!

आता तुम्ही विचाराल, मग ती फोडलेली फाइल आपणही उतरवून घ्यावी का? मी तो सल्ला देणार नाही. तसल्या फाइलींच्या पोटात काय काय लपवलेले असते, ते तुम्हाआम्हाला कळत नाही. कायद्याचे म्हणाल, तर आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याने प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकाला, नुकसानीपासून बचाव म्हणून, एक राखीव प्रत काढण्याची मुभा दिली आहे. २०१२ साली त्यात कलम ६५-अ आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा आहे. पण वकिलाकडे जाण्याची पाळी खेळापायी कशाला आणा?

सरळ वाटा आहेत. पहिल्याने खेळ काढणाऱ्या कंपनीचीच दुरुस्ती आहे का ते पाहावे. 'स्टारक्राफ्ट'च्या मालकांनी २००८ साली दुरुस्ती देऊन सीडीची अट काढली आणि २०१७ साली तो जुना खेळ फुकटच देऊन टाकला. दुसरी वाट, पोलंडमध्ये २००८ साली सुरू झालेल्या 'गॉग' या दुकानाची. जुने खेळ डागडुजी करून, कुलूप काढून तिथे विकतात, आणि घेतलेली फाइल आपल्याजवळ साठवून ठेवता येते. एकदा घेतलेल्या खेळाचे दुसऱ्यांदा पैसे द्यायचे हे मनाला लागते, हे खरे.

तिसरी वाट मला सर्वांत आवडते. घरात किंवा शाळेत विंडोज एक्सपीचे जुने यंत्र धूळ खात पडले असेल, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. त्यावर हा पहारेकरी अजून नोकरीवर आहे, आणि सीडीचा डाग तो ओळखतो. मात्र एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४मध्ये थांबली आहे. तेव्हा त्याला इंटरनेटची तार जोडू नका, आणि कुणाचा पेन ड्राइव्हही लावू नका.

आणि डबीच्या मागे किंवा पुस्तिकेवर अक्षरे व आकडे यांची एक लांबलचक ओळ असते. खेळ उतरवताना तीच विचारतात. ती शाई उडण्याआधी आजच वहीत उतरवून ठेवा. शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोटाळा होतो, म्हणून शून्याला आडवी रेघ द्या.